खानदेशांतील एक जुना वर्तनप्रयोग

जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं, ही म्हण आपल्या घरोघरीं इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, तो एक मानसशास्त्रीय सिद्धान्त आहे आणि कदाचित् तो खोटाहि असूं शकेल, हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर यानें १९३८ सालीं उंदरांवरील प्रयोगांचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा रोख या म्हणीच्या नेमका उलट आहे. त्याच्या मतें खोड नांवाची वस्तु प्राण्याच्या रक्तांत दडलेली नसते. एखादी कृति केल्यावर पाठोपाठ पदरीं काय पडतें, यावर ती कृति पुन्हा होणें न होणें अवलंबून असतें. फळ पालटलें म्हणजे कृति पालटते. पुढें तीस वर्षांनीं, १९६८ सालीं, या विचारास वाहिलेलें ‘उपयोजित वर्तनविश्लेषण’ या नांवाचें नियतकालिक अमेरिकेंत निघालें. आणि आज स्वमग्न मुलांच्या शिक्षणाच्या निमित्तानें तें शास्त्र आपल्याहि शहरांत येऊन पोहोंचलें आहे.

त्या शास्त्राच्या युक्त्या कानावर पडल्या म्हणजे प्रथम वाटतें, यांत नवीन तें काय? इष्ट कृति घडतांच तिला तत्काळ गोड फळ द्यावें, याला ते प्रबलन म्हणतात. जी कृति मुळींच येत नाहीं ती एकदम मागूं नये; तिच्या दिशेनें पडलेल्या पहिल्या वेड्यावांकड्या पावलासच शाबासकी द्यावी आणि मग हळूहळू अपेक्षा वाढवावी, ही घडण. जें वर्तन केवळ त्यापासून लाभ होतो म्हणून टिकून आहे, त्याचा लाभ बंद केला म्हणजे तें विझत जातें, हें विलोपन. शिक्षा ही या मंडळींच्या दृष्टीनें फारशी भरंवशाची युक्ति नव्हे. कारण शिक्षा भोगणारा कृति सोडण्यापेक्षां शिक्षा करणाऱ्यास चुकवावयास अधिक लवकर शिकतो. आपल्या नीतिकारांनीं साम, दाम, दंड आणि भेद हे चार उपाय सांगितले, त्यांत यांतील बरेच कांहीं आलें आहे, हें खरें. परंतु त्या चार उपायांचा हेतु प्रतिपक्षास वश करण्याचा. त्याला नवी संवय लावण्याचा नव्हे. शत्रु नमला कीं नीतिकाराचें काम संपतें. वर्तनशास्त्रज्ञाचें काम तेथून पुढें सुरू होतें.

या दृष्टीनें खानदेशच्या इतिहासांतील १८२५ चें भिल्लप्रकरण पुन्हा वाचण्यासारखें आहे. तें प्रकरण आजवर बहुधा एका शूर आणि दिलदार इंग्रज अधिकाऱ्याच्या चरित्राचा भाग म्हणून सांगितलें गेलें. सांगणारेहि बहुधा इंग्रजच. १८८० सालीं निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरांत आणि त्यापूर्वीं ग्रॅहॅम या अधिकाऱ्यानें लिहिलेल्या भिल्लांच्या वृत्तान्तांत त्याची हकीकत विस्तारानें आली आहे. भिल्लांनीं स्वतः लिहिलेला कागद आपल्यापुढें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं आरंभापासूनच लक्षांत ठेवावी.

सावदा हें गांव आज केळींच्या बागांसाठीं सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आडवी पसरली आहे, आणि चोपड्यापासून यावल-रावेरपर्यंत तिच्या पायथ्याशीं तडवी भिल्लांची जुनी वस्ती आहे. हा मुलूख १७६३ सालीं निजामाकडून पेशव्यांकडे आला व पुढें सरदार रास्त्यांकडे गेला. खालीं काळ्या जमिनीचा संपन्न कुणबी आणि वर डोंगरांतील भिल्ल, असा हा शेजार. आणि तो शेजार कित्येक पिढ्या एका व्यवहारावर चालत आला होता. गांवाची जागल भिल्लानें करावी, चोरीचा माग त्यानें काढावा, घाटांतून जाणाऱ्या मालास त्यानें वाट द्यावी. आणि त्याबद्दल गांवानें त्यास धान्याचा वांटा व सरकारनें त्याच्या नाइकास ठराविक हक्क द्यावा. हा व्यवहार चालूं होता तोंपर्यंत भिल्ल हा गांवचा रखवालदार होता. तो बंद पडला तेव्हां तोच भिल्ल दरोडेखोर झाला. पुढील सर्व कथेचें बीज या एका गोष्टींत आहे, आणि आश्चर्य असें कीं, राज्यकर्त्यांस ती दिसावयास बराच काळ लागला.

व्यवहार बंद पडला तो १८०२ नंतरच्या धामधुमींत. होळकरांच्या स्वाऱ्यांनीं खानदेश उजाड केला, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. गांवेंच ओस पडलीं. जागल कोणाची करावयाची आणि धान्य कोणी द्यावयाचें? भिल्ल लुटीवर जगूं लागला. त्यावर पेशवाईच्या अखेरच्या अधिकाऱ्यांनीं जो उपाय केला तो दंडाचाच, आणि तोहि अत्यंत घातकी. कोपरगांवाजवळ सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानें अभयवचन देऊन बोलावलेल्या भिल्लांची कत्तल करून त्यांस विहिरींत टाकलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नीति-अनीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवूं आणि केवळ वर्तनशास्त्राच्या भाषेंत विचारूं : या कृत्यानें भिल्ल काय शिकला? लूट सोडावी, हें तो खचित शिकला नाहीं. सरकारनें बोलावलें असतां जाऊं नये, हें मात्र तो असें शिकला कीं, तो धडा पुढें वीस वर्षें कोणास पुसतां आला नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. त्याच वर्षीं थाळनेरच्या किल्लेदारास त्यांनीं फांसावर चढवलें होतें, तेव्हां नव्या राज्याचा कडवेपणा लोकांनीं आरंभींच पाहिला. पहिला मुख्य अधिकारी ब्रिग्ज हा कर्तबगार होता. एल्फिन्स्टनची सूचना नाइकांचे हक्क पुन्हा चालूं करावे अशी होती आणि तीप्रमाणें कांहीं नेमणुका बांधूनहि दिल्या गेल्या. पण प्रत्यक्षांत सैन्याच्या तुकड्या डोंगरांत धाडणें, दाणागोटा तोडणें, नाइकांस पकडणें यावरच भर राहिला. एक टोळी मोडली कीं पावसाळ्यानंतर दुसरी उभी राही. शिपाई मात्र सातपुड्याच्या हिंवतापानें मरत. भिल्लाच्या दृष्टीनें पाहिलें तर खालीं उतरून शरण जाण्यांत संशय होता, आणि वर राहून लुटण्यांत निदान पोट तरी होतें. अशा स्थितींत तो वर राहिला, यांत स्वभावाचा दोष काढावयाचें कारण नाहीं. तुम्ही आम्ही तेथें असतों तर वेगळें काय केलें असतें?

अखेर १८२५ सालीं, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां, धोरण पालटलें. खानदेशांत भिल्लांसाठीं तीन एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेकडील कन्नडची एजन्सी ओव्हन्सकडे गेली. नंदुरबारच्या बाजूस दुसरी झाली. आणि चोपडें, यावल, सावदें, एरंडोल, अमळनेर, नशिराबाद हा ईशान्येचा भाग लेफ्टनंट जेम्स आउट्रम याच्याकडे आला. भिल्लांची एक पलटण उभारण्याचें कामहि त्याच्याचकडे सोंपवण्यांत आलें. पुढें १८५७ च्या लखनौच्या लढाईनें विख्यात झालेला आउट्रम तो हाच; त्या वेळीं तो अवघा बावीस वर्षांचा होता.

हें काम किती अवघड होतें, याची कल्पना त्या वेळीं भिल्लांत पसरलेल्या एका अफवेवरून येते. पलटण हें केवळ निमित्त असून सर्वांना एका रांगेंत बांधून आपला वंशच बुडवावयाचा हा बेत आहे, आणि या परक्या धन्यांच्या देशांत मनुष्याच्या रक्तास औषध म्हणून फार मागणी आहे, असें डोंगरांत बोललें जात होतें. ग्रॅहॅमनें ही अफवा रानटीपणाचा मासला म्हणून नोंदलेली दिसते. मला ती तशी वाटत नाहीं. कोपरगांवच्या विहिरी ज्यांच्या आठवणींत होत्या, त्यांनीं सरकारी निमंत्रणाचा याहून सौम्य अर्थ कां लावावा?

आउट्रमनें केलें तें असें. त्याच वर्षीं मुल्हेरच्या बाजूच्या बंडाचा मोड करून त्यानें आपल्या तलवारीचा धाक प्रथम बसवला होता. पुढें हातीं आलेल्या कैद्यांपैकीं कांहींस सोडून देऊन त्यांच्याकरवीं त्यांच्या नातलगांशीं बोलणें लावलें. मग तो एकटा, पहारा न घेतां, त्यांच्या रानांत जाऊन राहूं लागला. त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, त्यांच्या बैठकींत बसला, आणि त्यानें स्वतःच मोकळेपणानें कबूल केल्याप्रमाणें त्यांना भरपूर ब्रँडी पाजली. (दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांस हें रुचणार नाहीं; पण वर्तनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत प्रबलकाची निवड शिष्याच्या आवडीवर करावी, गुरूच्या नव्हे, असेंच सांगितलें आहे.) इतक्या खटाटोपानंतर पलटणींत नांव घालावयास तयार झालीं तीं माणसें पांच! कोणताहि दुसरा अधिकारी पांच शिपायांची पलटण घेऊन वरिष्ठांसमोर जावयास लाजला असता. आउट्रमनें मात्र त्या पांचांवरून यशाची खात्री धरली. दूरच्या ध्येयाकडे पडलेल्या पहिल्या पावलाची किंमत ओळखणें हेंच घडणीचें मर्म. आणि तें या तरुण शिपायास कोणी न शिकवतां कळलें होतें.

दुसरी गोष्ट मालेगांवची, आणि ती मला या सर्व प्रकरणांत अधिक मोलाची वाटते. नव्या भिल्ल शिपायांस घेऊन आउट्रम मालेगांवच्या छावणींत गेला. तेथील पायदळ पलटणींत उच्च जातींचे शिपाई होते. ते या लंगोटीवाल्या सोबत्यांची कुचेष्टा करतील, अशी धास्ती सर्वांसच असणार. आणि तशी एक जरी कुचेष्टा झाली असती तरी भिल्ल रातोरात डोंगरांत परतले असते. परंतु तेथील अधिकाऱ्यांनीं आणि शिपायांनीं उलटेंच केलें. उच्च जातींचे शिपाई भिल्लांच्या राहुट्यांत भेटीस गेले, त्यांच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलले, त्यांना पानसुपारी दिली. त्या पानसुपारीचा भिल्लांच्या मनावर झालेला परिणाम पाहून आउट्रम स्वतः चकित झाला. पगार हा पोटाला मिळतो. मान कोणी दिला तर तो माणूस जन्मभर विसरत नाहीं. आपल्याकडे विड्याचा अर्थ काय, हें मराठी वाचकास सांगावयास नको. पिढ्यानुपिढ्या ज्याच्या सावलीपासून दूर सरावयाचें, त्याच्या हातीं पान ठेवलें जातें, हें फळ ब्रँडीहून निराळ्या जातीचें होतें.

यानंतर संख्या वाढत गेली. धरणगांव हें पलटणीचें ठाणें झालें. कवायत, गणवेश, बंदूक आणि महिन्याच्या महिन्याला हातीं पडणारा पगार यांनीं उरलेलें काम केलें. इकडे कन्नडकडे ओव्हन्सनें दुसरी वाट धरली होती. त्यानें पडीक जमिनी दिल्या, बियाणें दिलें, बैल आणि नांगर यांसाठीं तगाई दिली, साऱ्याची कांहीं वर्षें सूट दिली, आणि मागील लुटीचे गुन्हे माफ केले. जे नांगर धरण्यास तयार नव्हते त्यांस जागलीचे जुने हक्क परत मिळाले. एजंटाच्या दारीं भिल्लानें तक्रार घेऊन जावें आणि ती ऐकून घेतली जावी, हीहि व्यवस्था झाली. तीन वर्षांच्या आंत, ज्या जिल्ह्यांत वीस वर्षें लुटीवांचून महिना गेला नव्हता, तेथें सलग स्वस्थता नांदत असल्याचे अहवाल मुंबईस जाऊं लागले.

या यशाचा अर्थ काय लावावा? इंग्रज ग्रंथकारांनीं तो ‘रानटी जातीचें सुधारणें’ असा लावला, आणि आपल्याकडील कित्येकांनीं तोच गिरवला. मला तो चुकीचा वाटतो. भिल्लाचा स्वभाव १८२४ सालीं एक आणि १८२८ सालीं दुसरा, असें झालें नव्हतें. पालटला होता तो सरकारचा व्यवहार. कबूल केलेला हक्क आतां खरोखरच पोहोंचत होता, बोलावलेला मनुष्य जिवंत परत येत होता, आणि तक्रारीस उत्तर मिळत होतें. म्हणजे ज्याच्यावर प्रयोग झाला असें आपण समजतों त्याच्या इतकेंच, किंबहुना आधीं, प्रयोग करणाऱ्याला आपलें वर्तन पालटावें लागलें. स्किनरच्या शास्त्रांत हें सूत्र आहेच; पण तें शिकवणाऱ्या शिक्षकांस आणि आईबापांस त्याचाच विसर पहिल्यानें पडतो.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोंकास असाच एक प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस नॉरफोक बेटावरील कैद्यांच्या वसाहतींत अलेक्झांडर मॅकोनोकी यानें १८४० पासून चांगल्या वर्तनाबद्दल गुण देण्याची आणि गुण साठले म्हणजे सवलती व सुटका मिळण्याची पद्धति चालवली. वरिष्ठांस ती फार मऊ वाटली आणि १८४४ सालीं त्याला परत बोलावण्यांत आलें. विसाव्या शतकांत मनोरुग्णालयांतून जी टोकनांची पद्धति निघाली, तिचा पूर्वज म्हणून आज त्याचें नांव घेतात. आउट्रमचें नांव मात्र वर्तनशास्त्रज्ञांपैकीं कोणी घेतल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

कदाचित् तें घेतलें जात नाहीं हेंच बरें. कारण या कथेची दुसरी बाजू तितकी गोड नाहीं, आणि ती सावद्याच्याच परिसरांत सर्वांत स्पष्ट दिसते. १८३१ सालीं यावल-सावद्याकडील तडव्यांत गडबड झाली. तेव्हां आउट्रमनें चारशेंहून अधिक संशयित पकडले आणि त्यांपैकीं दीडशेंच्या आसपास लोकांवर खटले भरले. पान देणारा हातच बेडी घालूं शकत होता, आणि दोन्हींपैकीं काय मिळावयाचें हें ठरवण्यांत भिल्लाचा कांहींएक वांटा नव्हता. त्याहून विलक्षण प्रसंग १८५२ चा. कप्तान विंगेट याची जमीनमोजणी सावदें, रावेर, चोपडें या भागांत सुरू झाली, तेव्हां सारा वाढेल या भयानें शेतकरी बिथरले. सावदें आणि फैजपूर येथें मोठे जमाव जमले आणि मोजणीच्या लोकांस काम करणें अशक्य झालें. हा जमाव कुणब्यांचा, पाटलांचा, गांवच्या प्रतिष्ठितांचा होता. त्यांस वठणीवर आणण्यासाठीं सरकारनें जी फौज आणली तींत भिल्ल पलटणीचे शिपाई होते. एकेकाळीं ज्यांच्या भयानें सावद्याचा शेतकरी रात्रीं दार लावी, ते आतां सरकारी गणवेश घालून दिवसाढवळ्या त्याच्या दारीं आले. वर्तन पालटलें होतें, यांत शंका नाहीं. पण तें कोणाच्या उपयोगासाठीं?

हाच प्रश्न आज वर्तनविश्लेषणावर टीका करणारे विचारतात. १९६०–७० च्या दशकांत कॅलिफोर्नियांत लोवास यानें स्वमग्न मुलांच्या कांहीं वर्तनांस आळा घालण्यासाठीं विजेचे झटकेहि वापरले होते. पुढें तो मार्ग बहुतेकांनीं टाकला आणि बक्षिसांवर भर दिला. तरी ज्यांनीं लहानपणीं ही शिकवणूक घेतली अशा कित्येक प्रौढ स्वमग्न व्यक्तींचें म्हणणें असें कीं, गोड बक्षीस देऊनहि आमच्याकडून जें सोडवलें, तें आम्हांस अपायकारक नव्हतेंच. हात हालवणें, एकाच वस्तूशीं रमणें यांनीं पाहणाऱ्यांस संकोच वाटे, एवढाच त्यांचा दोष. युक्ति किती सौम्य आहे, यानें या आक्षेपाचें उत्तर होत नाहीं. युक्त्यांच्या अगोदर, कोणतें वर्तन पालटावयाचें हें ठरवणारा कोण, ही गोष्ट येते; आणि ती ठरवतांना ज्याचें वर्तन पालटावयाचें त्याला बहुधा कोणी विचारीत नाहीं.

तरीहि १८२५ च्या धोरणास एका गोष्टीचें श्रेय द्यावेंच लागेल. त्यानें दोष रक्तांत शोधला नाहीं. पुढें १८७१ सालीं ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारणारा कायदा आला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानांत आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यांतहि लागू झाला. त्यानें मनुष्य जन्मतःच गुन्हेगार ठरूं लागला. पोटीं आलेल्या मुलाच्या कपाळीं नोंदवहीच लिहिली गेली. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. तेथें चांगल्या वर्तनाच्या कुटुंबांस क्रमाक्रमानें कुंपणाबाहेर राहूं देण्याची पद्धति होती. म्हणजे बक्षिसाची युक्ति तेथेंहि होती. पण ज्या मोकळेपणावर प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क, तोच आधीं काढून घ्यावयाचा आणि मग बक्षीस म्हणून तोळ्या-मासानें परत द्यावयाचा, असा तो व्यवहार. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. खानदेशांतील भिल्लाच्या वांट्यास आणखी एक गोष्ट आली. त्याला दिलेली जमीन सावकाराच्या वहीपासून राखण्याची तजवीज कोणी केली नव्हती. आणि १८७८ च्या कायद्यानें जंगलहि त्याच्या हातून गेलें. पहिला व्यवहार होळकरी धामधुमींत तुटला होता. दुसरा कोणत्याहि धामधुमीवांचून, कागदोपत्रीं, हळूहळू तुटला.

तो तुटत असतां मनुष्य कसा वागतो, याचें उदाहरण खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटांत मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करणारा हा सरकारचा नेमलेला नाईक. त्याचा बाप गुमान नाईक याच्याकडेहि तेंच काम होतें. एका मनुष्याच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, कांहीं वर्षें तुरुंगांत काढून तो सुटला. आणि १८५७ च्या धामधुमींत सरकारला गरज पडली तेव्हां त्याला पुन्हा त्याच जागीं नेमण्यांत आलें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें बंड पुकारलें आणि इंदुराहून येणारा सुमारें सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत आंबापाणी येथें त्याची इंग्रजी फौजेशीं गांठ पडली. दिवसभर निकराची लढाई झाली; पकडलेल्यांपैकीं कित्येकांस तेथेंच गोळ्या घालण्यांत आल्या आणि शेंकडों भिल्ल स्त्रिया कैद झाल्या. त्या दिवशीं डोंगरावर खाज्याच्या बाजूनें लढणारे भिल्ल होते, आणि खालून त्यांच्यावर चाल करून गेलेल्या फौजेंत धरणगांवची भिल्ल पलटण होती.